दर मंगळवारी दोन लिटर शंभर

माझी मुलगी फुप्फुसांच्या आजारांवर संशोधन करते असं सांगितलं की लोक मला आपला खोकला ऐकवतात. जिन्यात, किराणा दुकानात. एकदा तर बँकेच्या रांगेत एका गृहस्थांनी मला तीन प्रकारचे खोकले काढून दाखवले आणि त्यातला वाईट कोणता ते विचारलं. मी मान हलवते, 'दाखवून घ्या कुणाला तरी' म्हणते. खरी गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही. ती खोकला बरा करत नाही. ती तो मोजते.

मोजायची खोड जुनी. तिचे बाबा 'पाच मिनिटांत आलो' म्हणून बाहेर पडले की ही सात वर्षांची पोर घड्याळासमोर मांडी घालून बसायची आणि ते परत आले की 'बावीस' एवढंच म्हणायची. त्यांनी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं, ते छत्तिसाव्या वर्षीही घरात चालू आहे. डॉक्टर झाली तेव्हा आता ही दवाखाना टाकणार, दारावर पाटी लागणार, असं सगळ्या गोतावळ्याने धरूनच ठेवलं होतं. ती गेली हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे ना पाटी ना रांग. "एवढी शिकली आणि करते काय, तर लोकांना फुंकायला लावते," असं तिची आत्या अजूनही म्हणते. मी वाद घालत नाही. वाक्यात चूक काढायला जागा नाही.

लॅब म्हणजे पूर्वीची चादरी ठेवायची खोली. खिडकी आहे, पण ती उघडत नाही. मधोमध काचेची केबिन, केबिनमध्ये फुंकायचं मशीन आणि हातांची, बिनचाकांची खुर्ची; बिनचाकांची, कारण जीव खाऊन फुंकलं की चक्कर येते आणि चाकांवरचा माणूस भिंतीवर जातो. नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी ओठांत धरायची, छातीत मावेल तेवढी हवा भरून घ्यायची आणि एका दमात बाहेर फेकायची. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, तो आकडा महत्त्वाचा. श्वासनळ्या आखडल्या असतील, कफाने भरल्या असतील, तर हवा अडते आणि आकडा घसरतो. दिवसभर अशा माणसांच्या तोंडासमोर बसायचं. मी तिला मास्क लावलास का म्हणून दिवसातून तीनदा फोन करायचे. तिने तेही मोजलं होतं.

तिने एक वस्तू केली होती. बोटभर लांब नळी, आत पोलादी गोळी. माणसाने तिच्यातून संथ श्वास सोडला की गोळी थरथरते, ती थरथर छातीत उतरते आणि नळ्यांना चिकटलेला कफ सुटतो. अशा वस्तू बाजारात आधीही होत्या. हिने गोळी बसते ती खोबण बदलली होती, म्हणजे दमलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या श्वासानेही ती हलावी. कागदोपत्री तिचं नाव तीन ओळींचं. लॅबमध्ये सगळे तिला खुळखुळा म्हणत. चाळीस रोग्यांनी सहा महिने सकाळ-संध्याकाळ खुळखुळा वापरायचा. आधी फुंकायचं, सहा महिन्यांनी फुंकायचं. आकडा वाढला तर पुढे अनेक हॉस्पिटलांत मोठा प्रयोग आणि हिला कायमची नेमणूक. नाही वाढला तर दर वर्षी सही होणारं तिचं कंत्राट या वर्षाअखेर संपणार. पाच वर्षं ती या एका आकड्यासाठी राबत होती.

मी या सगळ्यात शिरले ती मशीनपायी. मशीन हळूहळू सरकतात म्हणे, माणसांसारखी, आणि आपण सरकलोय हे त्यांना कळत नाही. म्हणून दर आठवड्याला एकाच निरोगी माणसाने येऊन फुंकायचं असतं. त्याचा आकडा तोच राहिला पाहिजे. बदलला तर काहीतरी बिघडलंय. आधी हे काम लॅबचा शिपाई करायचा. त्याने सिगारेट धरली आणि तो बाद झाला.

"आई, तू येशील?" तिने विचारलं. "तू ओढत नाहीस, तुला दमा नाही, तू वेळेवर येतेस."

"बस, एवढंच?"

"आणि तू बदलत नाहीस."

छत्तीस वर्षांच्या आईपणात मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. रजिस्टरमध्ये माझी नोंद झाली: संदर्भ-व्यक्ती, स्त्री, वय ६३. माझं दुसरं कुठलंच यश आजवर शाईने लिहिलं गेलेलं नाही.

फुंकून घेणारे टेक्निशियन निवृत्तीला आलेले, त्यांना मौनीबाबा म्हणत. ते फुंकायला सांगायचे तेही जणू शेजारी कुणी झोपलंय अशा बेताने. 'हं, सोडा आता,' म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. माझा आकडा आला दोन लिटर शंभर मिली. पुढच्या मंगळवारी दोन लिटर नव्वद. मग एकशे दहा, मग परत शंभर. मुलगी खूश; दर वेळी आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग आकडा रजिस्टरमध्ये लिहायची. चाळीसही रोग्यांचं पहिलं फुंकणं मौनीबाबांच्याच हातून झालं, आणि मग ते निवृत्त झाले.

त्यांच्या जागी आली ती पूर्वी पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. पाण्यात कान बुडलेल्या मुलांनाही ऐकू जाईल असं बोलायची तिला सवय. पहिल्याच दिवशी तिचं नाव भोंगा पडलं, आणि तिने ते हसत स्वीकारलं. त्या मंगळवारी मी नळी ओठांत धरली आणि कानाशी तोफ सुटली: "भरा भरा भरा, अजून, अजून, आता सोडा, फुंका फुंका फुंका, थांबायचं नाही, आहे आत, आहे, मला दिसतंय, काढा ते." मी घाबरून जे होतं ते सगळं बाहेर टाकलं. बहुधा गेल्या काही वर्षांचंही.

दोन लिटर तीनशे दहा.

मुलगी स्क्रीनसमोर उभी राहिली. "आई, आज काही वेगळं खाल्लंस?"

"नाही."

"काही औषध? सर्दीची गोळी वगैरे?"

"काही नाही गं."

"मग दोनशे मिली आले कुठून?"

"माझेच असतील," मी म्हटलं.

ती हसली नाही. मशीनवाल्या कंपनीचा माणूस आला. त्याने तीन लिटरची भली मोठी पिचकारी मशीनला लावून बघितली, मशीन ठणठणीत. त्यात दोन दिवस लॅब बंद. खुळखुळा दाखवायला दोन बस बदलून आलेला, चाळिसांतला एक म्हातारा वेल्डर दारावरूनच परत गेला, जाताना कुणालातरी उद्देशून पुटपुटत. मुलीने माझ्याकडे बघून सांगितलं, "पुढच्या मंगळवारीही असंच आलं, तर सगळं थांबवावं लागेल."

तिच्या दृष्टीने ते कामाचं वाक्य होतं. मी ते आईच्या कानांनी ऐकलं. सगळं म्हणजे पाच वर्षं, नेमणूक, तिची उरलीसुरली भूक. आणि हे सगळं कुणामुळे थांबणार, तर माझ्या छातीतल्या दोनशे मिलीमुळे. ती हवा तशीही माझ्या काही उपयोगाची नव्हती.

त्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात दोऱ्याला कागदाची पट्टी बांधली आणि तिच्यावर फुंकायचा सराव केला. हवा पोटापर्यंत भरायची नाही, बरगड्यांपाशी थांबवायची, आणि दर वेळी पट्टी तेवढीच उडाली पाहिजे. तिचे बाबा पाणी प्यायला आले.

"काय चाललंय?"

"फुप्फुसांचा व्यायाम."

"वाढवायचा की कमी करायचा?"

मी पट्टी दोऱ्यासकट डब्याआड सारली. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस अधूनमधून चुकून नेमका प्रश्न विचारतो.

मंगळवारी दोन लिटर एकशे दहा आला. मुलीच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला. "एखाद्या दिवशी होतं तसं," ती म्हणाली. पुढचे पाच महिने मी मंगळवार एक चुकवला नाही आणि, एक अपवाद सोडला तर, आकडाही चुकवला नाही. दुधाने पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात म्हणतात. माझं ताकाशिवायच चाललं होतं. फक्त भोंगा कुरकुरायची.

"आई, तुमच्यात अजून आहे. मला कळतंय."

"वय झालं गं."

"वय नाही हे. हा चिक्कूपणा आहे."

सहा महिने संपले. चाळीस रोग्यांनी भोंग्यासमोर फुंकलं आणि सरासरी आकडा एकशे नव्वद मिलीने वाढला. खुळखुळा चालला. विभागातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला स्वतः उठून खुर्ची दिली, असं शिपायाने मला सांगितलं. सादरीकरणाची तारीख ठरली.

नऊ दिवस आधी तिने आमच्या घरी टीव्हीला लॅपटॉप जोडून तालीम केली. श्रोते दोन: मी, आणि हातात घड्याळ घेऊन बसलेले तिचे बाबा. बरंच बोलून झाल्यावर पडद्यावर एक आडवी रेघ आली, शाळेच्या वहीतल्या रेघेइतकी सरळ.

"आता इथे कुणीही विचारेल," ती म्हणाली, "की मधे टेक्निशियन बदलली, मग आकडा खुळखुळ्यामुळे वाढला की बाईंच्या ओरडण्यामुळे? म्हणून ही रेघ. ही संदर्भ-व्यक्ती खुळखुळा वापरत नव्हती. टेक्निशियन बदलल्यावर एक मंगळवार सोडला तर तिचा आकडा हललेला नाही. म्हणजे ओरडण्याने फरक पडत नाही."

"ही तुझी आई का?" बाबा म्हणाले. "मग सरळच येणार. मी जन्मभर ओरडून बघितलंय, काही फरक पडत नाही."

दोघं हसली. पाच महिने मी समजत होते की मी मशीनची हजेरी लावतेय. मी साक्षीदार आहे आणि खोटी साक्ष देतेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विचारायची बुद्धी मलाही झाली नव्हती.

"आणि ती रेघ वर गेली असती तर?" मी विचारलं.

"तर खुळखुळा कुचकामी आणि भोंगा महान," ती म्हणाली आणि पुढच्या पडद्याकडे वळली.

गप्प बसायचं सोपं होतं. कुणाला कळणार होतं? नेमणूक होईल, पाटी लागेल, आत्या गप्प बसेल. दोन दिवस मी हा हिशोब घोळवला. तो दर वेळी मोठ्या प्रयोगापाशी येऊन अडायचा. हजारभर रोगी खुळखुळा वाजवतील, आकडा हलणार नाही, आणि माझी मुलगी आयुष्यभर स्वतःची चूक शोधत बसेल. ती नेमकी तिथे शोधणार नाही, जिथे तिची आई आहे.

तिसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले. ती काचेआड नळ्या मोजत होती.

"आज गुरुवार आहे, आई."

"माहीत आहे. मी कमी फुंकत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे मुद्दाम. तू म्हणालीस सगळं थांबेल. म्हणून मी तुझा आकडा सांभाळला."

ती रडली असती, ओरडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने नळ्यांचा खोका बाजूला ठेवला आणि विचारलं, "किती मंगळवार?"

"एक सोडून सगळे. तू परिषदेला गेली होतीस ना, त्या मंगळवारी तू नव्हतीस, तर मी म्हटलं आज बघू तरी आपल्यात किती आहे. भोंग्याने टाळ्या वाजवल्या."

तिने रजिस्टर काढलं. पान उलटत त्या तारखेपाशी आली आणि थांबली. दोन लिटर तीनशे वीस, आणि त्यावर तिच्या हातची आडवी रेघ. शेजारी बारीक अक्षरात: 'मी गैरहजर. फुंकण्याचं तंत्र चुकलं असावं. धरू नये.' अख्ख्या रजिस्टरात तिने खोडलेला तेवढाच एक आकडा होता, आणि पाच महिन्यांत माझा खरा तेवढाच एक.

तिने रजिस्टर मिटलं. मग ती म्हणाली, "बस खुर्चीवर."

त्याच दुपारी मौनीबाबांना घरून बोलावून आणलं. त्यांच्यासमोर मी प्रामाणिकपणे फुंकलं: दोन लिटर शंभर. अर्ध्या तासाने भोंग्यासमोर, तितक्याच प्रामाणिकपणे: दोन लिटर तीनशे. मौनीबाबांनी चष्मा पुसला. "मी कुणाला कधी दुखवलं नाही हो," ते हळूच म्हणाले. ते खरंच होतं, आणि त्यांच्या हाताखालची सगळी माणसं दोनशे मिलीने आजारी निघत होती.

मोठ्या डॉक्टरांनी तिला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर बाकावर. दार नीट लागत नाही.

"आईने येऊन सांगितलेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे," ते समजुतीने म्हणत होते. "रजिस्टर बघ. नोंदी चोख आहेत, रेघ सरळ आहे. आपण नोंदींवर जातो, भावनांवर नाही."

"नोंदींमध्ये मी एक आकडा खोडलाय, सर."

"कारण लिहून खोडलायस. नियमात बसतं."

"हो," ती म्हणाली. "कारण मी तयार केलं होतं."

उरलेल्या दिवसांत तिने चाळीस रोग्यांना फोन केले. पंचवीस आले. मौनीबाबांनी त्यांच्याकडून कुजबुजत फुंकून घेतलं. सहा महिन्यांपूर्वीच्या त्यांच्याच आकड्यापेक्षा वाढ किती, तर चौदा मिली. एक मोठा चमचाही भरत नाही.

वेल्डरही आला होता. खुळखुळा परत करायला सांगितल्यावर त्याने तो खिशात आणखी खोल ढकलला.

"आकडा वाढला नाही म्हणता?"

"नाही काका. जवळजवळ तेवढाच आहे."

"मग आकड्याला परत न्या. याला राहू द्या. सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास खोकायचो, आता दहा मिनिटांत मोकळा होतो."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फुंकायला सांगत होतात. बोलायला कुठे सांगितलंत?"

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि मग इतर चोवीस जणांना तोच प्रश्न विचारायला पुन्हा फोन लावायला बसली. सोळा जणांनी खुळखुळा द्यायला नकार दिला. त्याचं काय करायचं ते तिला कळेना, कारण ते लिटरमध्ये नव्हतं.

सादरीकरणाला मला आत सोडलं नाही. मी आणि भोंगा बाहेर बसलो. आत एकदा मोठं हसू फुटलं तेव्हा भोंग्याने दार किलकिलं करून बघितलं आणि शक्य तितक्या हळू, म्हणजे मजलाभर ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमच्यावर हसताहेत." पडद्यावर दोन ओळी होत्या. पहिली: संदर्भ-व्यक्तीला संशोधकाची काळजी होती. दुसरी: संशोधकाने न पटलेला आकडा खोडला. दुसरीवर कुणी हसलं नव्हतं. नंतर म्हणे दुसऱ्या हॉस्पिटलचे एक प्राध्यापक तिला कोपऱ्यात घेऊन विचारत होते की त्यांच्याकडेही यंदा टेक्निशियन बदललाय, तर साधारण किती फरक धरावा. खुळखुळ्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही. ओरडण्याबद्दल सगळ्यांनी विचारलं.

कायमची नेमणूक झाली नाही. कंत्राट एका वर्षाने वाढलं. प्रयोग नव्याने करायचा, दोन गट करून, एका गटाला खुळखुळा आणि दुसऱ्याला गोळी नसलेली तशीच नळी, आणि फुंकून घेणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच. सकाळच्या खोकल्याची मिनिटं रोग्यांनी घरीच लिहायची. घरी जाताना रिक्षात तिने मला इतकंच विचारलं, "तेव्हा मला सरळ सांगता आलं नसतं का?"

"तुझा चेहरा बघितला असतास तर तूही कमी फुंकलं असतंस," मी म्हटलं.

तिने पर्समधले सुटे पैसे मोजून हातात धरले. मग म्हणाली, "म्हणूनच."

ते 'म्हणूनच' काय, हे पुढच्या आठवड्यात कळलं. तिला नवी संदर्भ-व्यक्ती हवी होती. निरोगी, न ओढणारी, वेळेवर येणारी. आणि या वेळी चौथी अट, जी कुठल्या नियमात नाही: माझ्या मुलीबद्दल जिला काहीही वाटत नाही अशी. नातेवाईक बाद. लॅबमधले बाद, ते तिच्या बाजूचे झालेले. शेवटी तिने हॉस्पिटलच्या पार्किंगचा रखवालदार गाठला. स्कूटर आडवी लावते म्हणून गेली तीन वर्षं त्याचं तिच्याशी हाडवैर.

पहिल्या मंगळवारी मी सवयीने गेलेच. आत प्रवेश नव्हता, म्हणून बाकावर बसले. दाराच्या काचेपलीकडे भोंगा गरजत होती आणि रखवालदार डोळे वटारून फुंकत होता. मग तो नाकावरचा चिमट्याचा वळ चोळत बाहेर आला.

"किती आला आकडा?" मी विचारलं.

"मला काय करायचंय?"

"डॉक्टरबाई काही म्हणाल्या? बरं वाटलं का त्यांना?"

"त्यांना बरं वाटो नाहीतर वाईट वाटो," तो म्हणाला, "मला गाड्या बघायच्यात." आणि जिना उतरून गेला.

मी काचेतून बघितलं. मुलगी रजिस्टरमध्ये आकडा लिहीत होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच, पेन टेकवण्याआधी तिने माणसाकडे, तो गेला त्या दाराकडे, वळूनही पाहिलं नाही.